समेच्या आधीची मुकी पट्टी

सुमनबाई, व्यासपीठावरची मंडळी, लातूरकर, आणि मागच्या रांगांत बसलेली माझी नांदेडची लेकरं. लेकरं म्हणते. तुमचे केस पिकलेत ते दिसतंय मला.

मला आज बोलणं जड जातंय. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. दळवीबाईंना शब्द कधी कमी पडले? हणमंते सर गेले त्या दिवसापासून पडताहेत.  शब्द अडले की मला स्वतःचाच राग येतो. राग आला की मग बोलता येतं. म्हणून आज मी रागावूनच बोलणार आहे. तेवढं समजून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नांदेडच्या ज्या शाळेत सरांनी उभी हयात संगीत शिकवलं, तिथं मी इंग्रजी शिकवत होते. माझा आणि संगीताचा संबंध एवढाच, की माझ्या वर्गाची भिंत त्यांच्या वर्गाला लागून होती. मी शिकले सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या सिस्टरनी प्रार्थनेच्या आधी मला सांगून ठेवलेलं असायचं, तू फक्त ओठ हलव. तेव्हा मी इथं गाण्यातलं काही शहाणपण सांगेन, अशी भीती बाळगू नका. मला एकच विद्या येते. मला कॉपी पकडता येते.

माझा स्वभाव संशयी आहे, असं लोक म्हणतात. परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार? आज आत आल्यापासून मी तशीच बघतेय, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

बाहेर फ्लेक्स लावलाय. त्यावर सरांचा फोटो एवढा, आणि पंडित सुहासजींचा एवढा. सरांच्या फोटोखाली लिहिलंय, ज्येष्ठ संगीत शिक्षक. शिक्षक होतेच ते. पण तेवढेच होते का? आत्ता सूत्रसंचालकांनी सरांचा परिचय करून दिला. साधी राहणी आली. सायकल आली. विद्यार्थ्यांवरची माया आली. मी कान देऊन ऐकत होते. 'रचना' हा शब्द एकदाही आला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर चिजा, म्हणजे बंदिशी, बांधल्या, त्याच्या शोकसभेत, त्यानं चिजा बांधल्या हे कुणी सांगत नाही. विसरले असतील? सरांच्या पत्नी सुमनबाईंच्या खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावायला विसरले नाहीत. दुसऱ्या रांगेत का होईना, लावली. मग एवढंच बरं विसरले?

आणि सभा लातुरात का? सर बिलोलीकडचे. संसार नांदेडला, नोकरी नांदेडला, गेलेही नांदेडलाच. बौद्ध पद्धतीनं पुण्यानुमोदन त्यांच्या घरासमोर मांडव घालून झालं. त्याला सुहासजी आले नव्हते. मी फोन केला तर म्हणाले, बाई, मैफल आधीच ठरली होती. ठरली असेल. त्यानंतर त्यांनीच भरवलेली ही एवढी मोठी सभा, इथं. माझ्या मनात आलं, लातूर लांब पडतं, शाळेतलं कोण एवढ्या लांब येणार, असा काही विचार तर नसेल? असेल तर चुकला. आम्ही गाडी करून आलो. रहीमभाईसुद्धा आलेत, गुडघे दुखत असताना. हात वर करा रहीमभाई, लोकांना दिसू द्या. नांदेडला बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारं यांचं तिसऱ्या पिढीचं दुकान.

आता हे पंडित सुहासजी. मी यांना पंडितजी म्हणणार नाही, माफ करा. हा औशाचा. वडिलांची एसटीतली नोकरी, त्यांची बदली झाली म्हणून नववीत आमच्या शाळेत आला. नववी ब. खिडकीजवळचा बाक. मी याला इंग्रजी शिकवलंय, सरांनी गाणं. इंग्रजी राहिलं नाही, गाणं राहिलं. चांगलंच राहिलं. हा गातो तेव्हा माझ्यासारख्या दगडालासुद्धा कळतं की काहीतरी होतंय. ते मी नाकारत नाही. अरे बस, उठू नकोस. माझं अजून झालेलं नाही.

सुहास, तुझ्या निमंत्रणपत्रिकेत खाली बारीक अक्षरांत छापलंय. सभेनंतर 'पारंपरिक बंदिशी' या अल्बमचं लोकार्पण. गायन आणि संकलन, पंडित सुहास. शोकसभेत लोकार्पण ही पद्धत लातूरची आहे की तुझी, मला माहीत नाही. पण त्यातली पहिलीच बंदिश आहे, 'किवाड खुलो राखियो, आवत है कोई'. दार उघडं ठेव, कुणीतरी येतंय.

पारंपरिक? कुणाची परंपरा?

ही पत्रिका पोचली त्याच दिवशी सुमनबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोला. मी बोलाया गेले की मला रडू येतंय, अन् रडणाऱ्या बाईला लोक पाणी देतात, तिचं ऐकत न्हाईत." म्हणून मी उभी आहे. एकदा का ती बंदिश अल्बममधून पारंपरिक म्हणून सगळीकडं गेली, की शंभर गळ्यांत जाईल आणि हणमंते हे नाव तिला पुन्हा कधी चिकटणार नाही. सुमनबाईंनी त्या माणसाचे चहा गार होताना बघितलेत या चिजांपायी. त्यांना एवढंच पाहिजे, की ज्याचं आहे त्याचं नाव लागावं. आणि ते आज लागलं तर लागलं.

ती चीज कशी झाली ते सांगते. मी भिंतीपलीकडे होते.

शाळेची पेटी जुनी होती. तिची एक काळी पट्टी मेलेली होती. दाबली की सूर नाही, नुसती हवा. फस्स. सर या चिजेची ओळ बांधत होते, आणि ती ओळ सारखी त्याच पट्टीवर जाऊन पडत होती. समेच्या बरोब्बर आधी. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं सगळे मिळून पोचतात. पोरं गात गात यायची, पेटी फस्स करायची, पोरं हसायची, आणि गाणं तिथंच मोडायचं. माझ्या वर्गात व्याकरण चाललेलं असायचं, तीही पोरं हसायची.

रहीमभाई एकदा शाळेत आले होते. म्हणाले, "सर, ये काली पट्टी मर गई. मेरे कने दो, बिठा देतूं." सरांनी विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या भाई. हिनं मला एक गोष्ट सुचवलीय." रहीमभाई मला बाहेर भेटले. कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, तुमारे सर को बिघडा हुआ माल पसंद है."

सरांनी काय केलं? तो सूर काढूनच टाकला. त्या जागी पोरांना सांगितलं, एक मात्रा गप्प राहायचं. श्वाससुद्धा ऐकू आला नाही पाहिजे. आणि मग एकदम समेवर, 'कोई'. आवत है... गप्प... कोई. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ती ओळ आली, आणि माझा हात फळ्यावर तसाच राहिला. सुरांतलं मला काही कळत नाही. पण त्या एका मात्रेत खरंच कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. माझी पोरं दाराकडं बघायला लागली. मीही बघितलं.

पुढं शाळेला नवी पेटी मिळाली. सगळे सूर धड. तरी वर्ग त्या जागी गप्पच राहिला. पेटी एकटीच वाजली, तर पोरं तिच्याकडं अशी बघायला लागली, की ही मध्येच का बोलली. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. तीच चीज झाली."

सुहास, तू मला फोनवर म्हणालास, "बाई, सर स्वतःच ती पारंपरिक आहे म्हणायचे. याच लातुरात, स्पर्धेत, तुमच्यासमोर म्हणाले." बरोबर. म्हणाले. मी ते लपवणार नाही. आता पूर्ण काय झालं ते या लोकांना सांगूया.

तू दहावीत होतास. स्पर्धेसाठी आपण तिघं नांदेडहून बसनं आलो. मी सोबत कशाला? मुख्याध्यापकांना वाटलं, एक इंग्रजी बोलणारी बाई असली की वजन पडतं. परीक्षक एक मोठे गवई होते. नाव घेत नाही, तेही आता नाहीत. तू 'किवाड खुलो' म्हटलीस. सुरेख म्हटलीस. परीक्षकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मास्तर, ही चीज कुणाची?"

सर म्हणाले, "जुनी हाय, साहेब."

परीक्षकांनी मान डोलावली. "वाटलंच मला. अंतऱ्यात मुद्रा नाही." मुद्रा म्हणजे, चीज बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं टोपणनाव गुंफतो ना, ते. पुढं म्हणाले, "आणि समेच्या आधी तो थांबा. ही जुन्या लोकांची दृष्टी. हल्ली कुणाला सुचणार?"

मी रुमाल तोंडाला लावला. जुन्या लोकांची दृष्टी म्हणे. आमच्या शाळेच्या पेटीची मेलेली पट्टी ती.

परतीच्या बसमध्ये मी सरांशी भांडले. म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असं बोलल्यावर गुडघ्यावर उभं करायचे."

सर म्हणाले, "बाई, त्यानं आधी माझं आडनाव इचारलं. मग गाव इचारलं. मग गुरू कोण ते इचारलं. मी म्हणलो, रेडिओ. तर हसला. त्याच्यानंतर मी म्हणलो असतो का चीज माझी हाय, तर त्यानं तिच्यात लई चुका काढल्या असत्या. जुनी म्हणलो तर मान हालवली. माझी चीज तर आत गेली. मी बाहेर ऱ्हायलो तरी चालतंय सध्या."

मी म्हटलं, "सध्या म्हणजे किती दिवस?"

तर हसून म्हणाले, "तुम्ही एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता का न्हाई? तसं हाय ते. रुमाल टाकलाय. मी मागून येतोच हाय बसाया."

त्या वेळी तू आमच्या दोघांच्या मध्ये बसला होतास, सुहास. मांडीवर बक्षिसाची ढाल, हातात शेंगा. टरफलं माझ्या साडीवर पडत होती म्हणून मी तुला ओरडले. तू सगळं ऐकलंस. ऐकलं नाहीस म्हणून मला सांगू नकोस, मी वर्गातल्या पोरांचे कान ओळखते.

आता बोल. 'पारंपरिक' हा त्या माणसाचा रुमाल होता. त्यानं जागा धरली होती. तू रुमाल बाजूला ठेवलास आणि स्वतः बसलास.

तू म्हणशील, मी कुठं म्हणालो माझी आहे? संकलन लिहिलंय. हो, हुशार आहेस. चोरी केली असं कुणाला म्हणता येणार नाही. पण ज्याचं संकलन करायचं ते मालकाविना पडलेलं असावं लागतं. यातलं काय पडलेलं होतं? आणि माझा संशय असा आहे, रागावू नकोस, की 'हणमंते यांची रचना' असं लिहिलं तर तुझ्या गाण्याला वजन कमी पडेल असं तुला वाटलं. परीक्षक गेले, पण त्यांचा प्रश्न तुझ्या मनात बसून राहिला. आडनाव काय, गाव काय, गुरू कोण. माझं चुकत असेल तर आज चुकलेलं मला फार आवडेल.

कुणी म्हणेल, बाई, पुरावा काय? सरांनी कुठं मुद्रा घातली?

मी कॉपी कशी पकडायचे ते सांगते. बरोबर उत्तरं कुणाचीही सारखी येतात. त्यातून काही कळत नाही. मी चुका बघायचे. दोन पेपरांत एकच चूक, एकाच जागी, की समजायचं कोण कुणाच्या मागं बसलं होतं.

इथं सुहासच्या अकॅडमीची मुलं आहेत. सुरुवातीला त्यांनी प्रार्थनेनंतर तीच बंदिश म्हटली. फार गोड म्हटली, पोरांनो. आणि त्या जागी तुम्ही सगळे थांबलात. एक मात्रा. मी शेजारच्या मुलीला विचारलं, का गं, तिथं का थांबता? ती म्हणाली, "माहीत नाही मॅडम, गुरुजी थांबतात." का थांबतात हे तिला माहीत नाही. तुझ्या गुरुजींना माहीत आहे, बेटा. नांदेडला एका शाळेत एक पट्टी मेली होती म्हणून तुम्ही लातुरात थांबता. दुसरे लोक नाव घालतात. सरांनी तिथं गप्प बसणं घातलं. तीच त्यांची मुद्रा. ती पुसायची तर चीजच पुसावी लागेल, आणि ते सुहासला जमलं नाही. तेवढा तो त्यांचा खरा विद्यार्थी आहे.

आणखी एकच सांगते, मग बसते.

सर आजारी असताना मी भेटायला जायची. एके दिवशी उशाशी मोबाईल होता आणि त्यावर सुहासचं एका मैफलीतलं गाणं चाललं होतं. हीच चीज. खाली लिहिलेलं दिसलं, पारंपरिक. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, बंद करा ते."

सरांनी बोट वर केलं. "थांबा बाई. ऐका." ओळ आली. आवत है. मग ती जागा. सर माझ्याकडं बघत होते. "थांबला का न्हाई?"

"थांबला," मी म्हटलं.

"मग झालं. लई चांगला थांबला. माझ्यापेक्षा चांगला."

सुमनबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतं असंच म्हणा." सरांनी पेला घेतला. पाणी प्याले. मग पेला खाली ठेवून, कुणाकडं न बघता म्हणाले, "एकदा त्यानं सांगाया पाहिजे होतं. लोकांत न्हाई तर न्हाई. घरी येऊन मला तरी."

सुहास, तू त्यांच्या घरी किती वर्षांत गेला नव्हतास, ते तुझं तुला माहीत. ते घर दिवसा कधी बंद नसायचं. पडदा तेवढा असायचा. बाहेर चपलांचा आवाज झाला की सर पडद्याकडं बघायचे. मी आहे असं दिसलं की म्हणायचे, "या बाई." पण बघायचे आधी.

आता शांतता पाळायची वेळ आहे. सूत्रसंचालक मला खुणा करून राहिलेत, ते मला दिसतंय. घड्याळ लावून शांत उभं राहायची पद्धत आहे. मला ती शांतता आज नको.

मगाशी रहीमभाईंच्या पुतण्यानं गाडीतून काहीतरी उचलून आणलं आणि पायरीवर ठेवलं, ते तुम्ही बघितलं असेल. ती शाळेची जुनी पेटी आहे. शाळेनं भंगारात काढली तेव्हा रहीमभाईंनी नेली होती. काल मी त्यांना विचारलं, दुरुस्त केलीत का? म्हणाले, "नई मॅडम. बाकी सब ठीक कर दिया. वो पट्टी को हात नई लगाया."

सुहास, आता ऊठ. खाली ये. सुमनबाईंच्या समोर बस, ही पेटी घे, आणि ती ओळ म्हण. त्या जागी आलास की त्या मेलेल्या पट्टीवर बोट ठेव. तिथं आम्ही सगळे गप्प उभे राहू. एक मात्रा नको. तुला लागेल तेवढा वेळ घे. आणि समेवर यायच्या आधी ही चीज कुणाची ते सांग. इथं, सुमनबाईंना ऐकू जाईल असं. मग पुढं म्हण. मग तुझा अल्बम बाहेर काढ, आम्ही टाळ्या वाजवू. मी सगळ्यांत जोरात वाजवीन.

हणमंते सर, रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही मला 'जय भीम, बाई' म्हणायचात आणि मी 'गुड मॉर्निंग' म्हणायची. दोघांपैकी कुणीच बदललं नाही. आज मी बदलते. मला सूर लागत नाही, पण गप्प राहायला सूर लागत नाही. त्या मात्रेत मी तुमच्या वर्गात आहे. ओठसुद्धा हलवणार नाही.

जय भीम, सर.

उभे राहा सगळे. ये, सुहास.